हीटरच्या पंख्यातला कापूस

गाडीच्या हीटरचं काम आलं की आमच्या गॅरेजात हशा पिकायचा. परळच्या त्या गल्लीत बाराही महिने माणसं घामानं निथळत असायची, आणि कुणीतरी साहेब येऊन तक्रार करणार की गाडीत गरम हवा येत नाही! विलायतेहून आलेल्या गाड्यांना हीटर असायचा आणि आमच्याकडची रीत अशी की त्याच्या पाण्याच्या नळ्या काढून एकमेकींना जोडून टाकायच्या, पंख्याची वायर तोडून हॉर्नला वापरायची आणि तो डबा डॅशबोर्डखाली तसाच लटकत ठेवायचा. गिऱ्हाइकाला पत्ता लागत नसे. लागला तरी त्याचं काही अडत नसे.

मी तिथे वायरिंगचं काम करायचो. सेल्फ, डायनामो, दिवे, वायपर, म्हणजे जिथे जिथे करंट जातो ते सगळं माझ्याकडे. माझा स्वभाव तेव्हाही तापट होता. हीटर दुरुस्त करायला सांगणाऱ्या माणसाला मी एरवी उडवून लावलं असतं, पण त्या हिवाळ्यात जी गाडी आली ती बाबांच्या गिरणीच्या डॉक्टरची होती, म्हणून मी पुढे होऊन ते काम मागून घेतलं. गॅरेजचे मालक माझ्याकडे बघतच राहिले.

आमचं घर लालबागला, चाळीत, एका खोलीत. बाबा गिरणीत कार्डिंग खात्यात होते. कार्डिंग म्हणजे कापूस पिंजून विंचरायचं खातं. तिथे हवा दिसते. उन्हाची तिरीप आत आली की तिच्यात कापसाचे तंतू एवढे दाट तरंगत असतात की पलीकडचा माणूस धुरकट होतो. बाबा घरी यायचे तेव्हा भुवया आणि कानांतले केस पांढरे झालेले असायचे. रविवारी ते बरे असत, गॅलरीत बसून आल्यागेल्याची थट्टा करत. सोमवारी पाळी संपवून आले की छाती आवळल्यासारखी व्हायची, जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबायचे, आणि वर आल्यावर बराच वेळ बोलायचे नाहीत. सुट्टीनंतरचा पहिला दिवस सगळ्यात वाईट, मग आठवडाभर छाती सरावायची. सगळ्या खात्याला हा सोमवारचा दम होता. सगळ्यांनाच असल्यामुळे त्याला आजार कुणी म्हणत नव्हतं.

त्यावर औषध एकच, गूळ. गुळाचा खडा चघळला की घशातला कापूस पोटात उतरतो आणि पोटात उतरलेलं बाहेर पडतं, असा अख्ख्या गिरणगावाचा ठाम विश्वास. आई रोज संध्याकाळी बाबांच्या हातावर खडा ठेवायची. छातीचा रस्ता वेगळा आणि पोटाचा वेगळा, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी आम्ही ऐकलं नसतं. गूळ तरी हातात होता. दुसरं काय होतं?

दुसरं एक होतं, पण ते डॉक्टरच्या हातात. गिरणीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं शब्द टाकला तर माणसाला खात्यातून काढून यार्डात, म्हणजे उघड्या अंगणात कापसाच्या गाठी उतरवून घेण्याच्या कामावर टाकत. त्यानंच ‘अनफिट’ म्हटलं तर मात्र नोकरी जायची. त्यामुळे छाती दाखवायची म्हणजे जुगारच होता. बाबा एकदा धीर करून गेले होते. डॉक्टरनं नळी लावली, ऐकलं आणि सांगितलं, बिडी सोड. बाबा बिडी ओढतच नव्हते. तंबाखू खायचे, पण बिडीला त्यांनी आयुष्यात हात लावला नव्हता. हे सांगायची हिंमत त्यांना झाली नाही. घरी येऊन मला सांगितलं तेव्हा मी इतका भडकलो की शेजारचे दारात येऊन उभे राहिले.

तर त्या डॉक्टरची काळी विलायती गाडी आमच्या गॅरेजात उभी होती. डॉक्टर गिरगावातल्या जुन्या घरंदाज कुटुंबातला. मुलगी दिल्लीला दिलेली, तिचं पहिलं बाळंतपण. डॉक्टर आणि बाई ऐन थंडीत गाडीनं दिल्लीला जायला निघाले होते आणि बाईंना संधिवात. हीटर चालला नाही तर बाई येणार नाहीत, असं डॉक्टरनं मालकांना सांगितलं होतं. मी तेव्हाच मनाशी ठरवलं की पंखा असा करून द्यायचा की डॉक्टर खूश झाला पाहिजे, आणि तो खूश झाला की बाबांची गोष्ट काढायची.

डॅशबोर्डखाली उताणा पडून मी कामाला लागलो. बटण दाबलं की पंखा फिरत नव्हता, नुसता गुरगुरायचा. फ्यूज शाबूत होता. दिव्याचा टेस्टर लावला तर मोटारपर्यंत करंट येत होता, दिवा लख्ख पेटत होता. मग वाटलं, अर्थ, म्हणजे करंट परत जायची वायर, सुटली असेल. गाडीच्या पत्र्यालाच दुसरी वायर लावून बघितली, तरी तेच. मोटारला सरळ बॅटरीवरून करंट दिला. ती थरथरली, गरम झाली, जळका वास आला आणि फिरली काही नाही. म्हणजे दुखणं बाहेर कुठे नव्हतं, मोटारच्या पोटात होतं. बटणात किंवा वायरीत असतं तर तासाभराचं काम. आता पाणी सोडा, नळ्या काढा, अख्खा डबा खाली घ्या. नळ्या कडक होऊन चिकटल्या होत्या आणि त्या उपटताना माझ्या बोटांची सालं निघाली.

डबा बाकावर ठेवून उघडला. पंखा दिसतच नव्हता. पात्यांच्या मधे, भोवती, मोटारच्या भोकांतून आत, सगळीकडे कापूस होता. पांढरा नव्हे. तेल आणि धूळ पिऊन करडा झालेला, दाबून घट्ट बसलेला, नमदा असावा तसा. स्क्रूड्रायव्हरनं ओढला तर त्याचे तुकडे पडायचे. काचेखालच्या जाळीतून बाहेरची हवा आत यायची, तिच्याबरोबर हा आत आला होता. डॉक्टर दवाखान्यात आला की गाडी कार्डिंग खात्याच्या भिंतीला लावायचा, तिथे सावली असायची म्हणून. आणि खात्यातली हवा बाहेर फेकायची भोकं त्याच भिंतीला.

बाबा सकाळची पाळी संपवून दुपारी गॅरेजात आले होते. आईनं माझ्या डब्याबरोबर काहीतरी पाठवलं होतं ते द्यायला. ते बाकापाशी उभे राहून बघत होते. मी कापसाचा लगदा उपसून कागदावर टाकत होतो. बाबांनी एक तुकडा उचलला, चिमटीत चोळला आणि ठेवून दिला.

“पंख्याक गूळ दी रे,” ते म्हणाले. “घसो मोकळो होतलो.”

मी हसलो. बाबाही हसले, हसता हसता त्यांना खोकला आला, आणि तो लवकर थांबेना. मालकांनी आतून पाणी पाठवलं. बाबा बाकाला धरून वाकले होते, समोर तो उघडा डबा होता, आणि मला एकदम रडू फुटेल असं वाटलं. मी हातातला पाना फेकून दिला. तो पलीकडच्या भिंतीला लागला आणि मालक मला खूप बोलले.

मोटार मी पुरी खोलली. कार्बन, म्हणजे मोटारच्या आत करंट पोचवणारे कोळशाचे ते दोन छोटे तुकडे, आपापल्या घरात अडकून बसले होते. त्या मापाचे मुंबईत मिळत नव्हते, म्हणून वायपरच्या मोटारचे घेतले आणि कानशीनं घासून बसवले. आर्मेचर, म्हणजे मोटारचा आतला फिरणारा भाग, काळं पडलं होतं, ते काचपेपरनं पुसून चकचकीत केलं. करवतीच्या पात्यानं त्याच्या खाचा मोकळ्या केल्या. दांडा ज्यात फिरतो त्या बुशमधे तेल सोडलं. जाळी, नळी, डब्याचे कोपरे, सगळीकडून हवा मारून कापसाचा शेवटचा तंतू काढला. एवढं काम त्या पंख्याला कुणी विलायतेतही केलं नसेल. बॅटरीला लावला तर आवाज न करता फिरला, हात पुढे केला तर वारा लागला. मालक म्हणाले, अरे, हीटर आहे तो, देवघरातली समई नाही. मी ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ट्रायल. दुरुस्त झालेली गाडी ट्रायलला काढायची आणि तिच्यातून आपली दोन कामं उरकायची, हे सगळ्या गॅरेजांत चालायचं. कुणी बायकोला माहेरी सोडायचं, कुणी दळण आणायचं. मी बाबांना पाळी सुटल्यावर बोलावून गाडीत बसवलं. गाडी डॉक्टरच्या घरी गिरगावात पोचवायची होतीच. डॉक्टरनं बाबांना समोर बघावं, माझ्या तोंडाकडे बघून नाही म्हणणं सोपं, त्यांच्या तोंडाकडे बघून जरा कठीण जाईल, असा माझा हिशेब. बाबा नको नको म्हणत होते. “डाक्टर अनफिट म्हणालो तर?” हे त्यांनी मला वाटेत तीनदा विचारलं असेल.

हीटर तपासायचा तर काचा बंद करून तो चालवला पाहिजे. इंजिन तापलं, पंखा सुरू केला आणि भट्टीसारखी गरम हवा आत भरली. भरदुपारी, मुंबईत, काचा बंद करून आम्ही दोघं घामानं चिंब भिजत चाललो होतो. लालबागच्या नाक्यावर मोर्चा आडवा आला. संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस होते. गोळीबार होऊन गेले होते, माणसं गेली होती, राज्य मात्र अजून मिळायचं होतं. मोठी काळी गाडी आणि बंद काचा बघून पोरांनी घेरलं. बॉनेटवर थापा पडायला लागल्या. कुणाच्या तरी हातात दगड होता.

त्या पोरांत आमचा धाकटाही होता. माझा भाऊ. छापखान्यात जुळारी होता, सत्याग्रहात पकडला गेला आणि सुटून येईपर्यंत छापखान्यातली जागा गेली होती. त्यानंतर तुरुंगात जाऊन आलेल्याला कुणी कामावर घेईना. आमच्या मालकांनीही नाही म्हटलं, पोलीस गॅरेजात नकोत म्हणून. दिवसभर तो मोर्चात असायचा आणि आई दिवसभर दारात. त्यानं काचेतून बाबांना ओळखलं, आणि आधी त्याचं तोंड उघडंच राहिलं.

“अरे, सोडा, सोडा! आपलीच माणसं आहेत!” तो ओरडला आणि पुढे होऊन रस्ता करून दिला. जाताना काच खाली करायला लावून म्हणाला, “दादा, आत चूल मांडलीय काय रे?”

भायखळा मागे पडेपर्यंत बाबा मागे वळून वळून गर्दीकडे बघत होते.

गिरगावात डॉक्टर खाली आला. बाईही शाल घेऊन आल्या. दोघं आत बसली, मी पंखा लावला, आणि बाईंच्या पायांवर गरम हवा आली तशा त्या प्रसन्न हसल्या. डॉक्टरनं माझ्या पाठीवर थाप मारली.

“फर्स्टक्लास! काय झालं होतं रे याला?”

“कापूस अडकला होता, साहेब. तुमच्या गिरणीतला. तुम्ही कार्डिंगच्या भिंतीला गाडी लावता ना, तिथून आत गेला.”

“अरे बापरे! मग आजपासून तिथे लावणं बंद. दरवानाला सांगून दुसरी जागा बघतो.”

गाडी त्यानं एका क्षणात हलवली होती. त्याला काही लागलं नव्हतं, काही सुचलं नव्हतं, त्याच्या चेहऱ्यावर नुसता आनंद होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण बाबा बाजूला टोपी हातात घेऊन उभे होते, म्हणून मी आवाज खाली ठेवला.

“साहेब, गाडी हलवताय तसं माझ्या वडिलांनाही तिथून हलवा. त्याच भिंतीच्या आत आहेत ते, इतकी वर्षं.”

डॉक्टरनं बाबांकडे पाहिलं. ओळखलं नाही. “हे तुझे वडील का?” म्हणाला. मग खळखळून हसला. “बोलतोस छान! बरं, खात्याच्या मास्तरला सांगतो. दिल्लीला जायच्या आधी सांगून जातो. यार्डात ना?”

आणि त्यानं खरंच सांगितलं. हे मी त्याच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. माणूस वाईट नव्हता. दोन मिनिटांत, शाल पांघरलेल्या बायकोसमोर, रस्त्यात उभ्या उभ्या, त्यानं बाबांना कार्डिंगमधून बाहेर काढलं. दोन मिनिटांचं हे काम इतकी वर्षं का झालं नाही, याचा राग मला अजून येतो.

बाबा यार्डात गेले. उघड्यावर उभं राहून गाठी मोजून घ्यायच्या, ऊन लागलं तर पत्र्याखाली जायचं. दम गेला नाही, पण सोमवार बाकीच्या वारांसारखा झाला. जिन्यात थांबणं कमी झालं. आईनं गणपतीला नारळ फोडला आणि त्या आठवड्यात मी घरात फार मान मिळवला.

मग एका संध्याकाळी खात्याचा मुकादम आमच्या खोलीवर आला. चांगली बातमी घेऊन आला होता बिचारा. चहा पिऊन म्हणाला, “तुमची जागा मोकळी झालीय. कुणाच्या नावानं ठेवू? धाकटा बसूनच आहे ना?”

गिरणीची ती रीतच होती. बापाची जागा मुलाची. घरातला माणूस खात्यातून बाहेर पडला की त्याच्या जागेवर पहिला हक्क त्याच्या घराचा. नाही घेतली तर मुकादम आपल्या गावचा माणूस भरणार, आणि मग ती जागा आमच्या घरातून कायमची गेली. जागा जाऊ देणं म्हणजे शेत पडीक टाकण्यासारखं. आमच्या चाळीत असं कुणी केलं नव्हतं. एवढा सगळा खटाटोप करताना ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती, बाबांच्याही नाही. आम्ही दोघांनी बाबांपुरताच विचार केला. खात्यातली ती चार हात जमीन रिकामी राहणार नाही, तिथे कुणीतरी उभं राहणार, हे त्या दिवशी मुकादमाच्या तोंडून ऐकलं तेव्हा कळलं.

मी ओरडलो. कार्डिंग सोडून कुठेही घाला म्हटलं. मुकादम म्हणाला, दुसऱ्या खात्यात दुसऱ्यांच्या जागा.

“मगे काय करू?” बाबा म्हणाले. “मोटारीखाली घालू तेका? तुझो शेट घेता?”

आईनं तर आनंदानं डोळ्यांना पदर लावला होता. तिला कापूस दिसत नव्हता, तिला बंदुका दिसत होत्या. “खात्यात गेलो की मोर्च्यात जावचो नाय,” ती म्हणाली. “गोळी तरी लागूची नाय तेका.” शेजारच्या चाळीत एका घरातला मुलगा गोळीनं गेला होता, आणि त्याच्या आईला तिनं आपल्या हातानं पाणी पाजलं होतं. कार्डिंग खात्याला चारी बाजूंनी भिंती होत्या. आईला तेवढं पुरेसं होतं.

आणि धाकटा? तो खूश होता. कमावता होणार म्हणून खूश होता. “दादा, थोडे दिवस रे,” मला म्हणाला. “राज्य मिळालं की छापखान्यात परत घेतील.”

बाबा त्याला पहिल्या दिवशी स्वतः घेऊन गेले. मशीन कसं चालवायचं, हात कुठे घालायचा नाही, सुपारीएवढा गूळ खिशात कसा ठेवायचा, सगळं त्यांनी शिकवलं. आईनं चाळीत पेढे वाटले. मला पेढा गिळवला नाही, पण मी खाल्ला, कारण आई बघत होती.

राज्य झालं. छापखान्यानं कुणाला परत घेतलं नाही. धाकटा गिरणीत कामावर पक्का झाला, त्याचं लग्न ठरलं. बाबा यार्डात खरोखरच बरे दिसायला लागले होते, आणि मी ते बघून सुखावायचो, हेही खोटं नाही.

एका सोमवारी मी घरी होतो. गिरणी सुटली, जिन्यात पावलं वाजली आणि मधेच थांबली. पहिल्या मजल्यावर थांबली, मग दुसऱ्यावर. बाबा गॅलरीत बसले होते. खालून खोकला ऐकू आला, तरण्याताठ्या माणसाचा, जोरदार. आम्ही दोघं ऐकत राहिलो. कुणाचा आहे हे विचारायची गरज नव्हती.

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. कठड्यावरून खाली बघत हळूच म्हणाले, “डाक्टराची गाडी परत कधी येतली रे ग्यारेजात?”

पुढे किती दिवस गल्लीत काळी गाडी वळली की मी हातातलं काम टाकून बाहेर येऊन बघायचो. पण ती डॉक्टरची नसायची. पंखा मी इतका नीट करून दिला होता की ती गाडी पुन्हा आमच्याकडे आलीच नाही.